फ्रिजमधला फळांचा रस: तापवावा की परिरक्षक घालावं?

फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. ४ अंशांतही यीस्टचं काम चालूच असतं, म्हणून टोपण फुगतं. ६०० मेगापास्कलच्या दाबाने रस टिकवण्याची पद्धत चवीला सरस, पण ते यंत्र छोट्या उत्पादकाच्या आवाक्याबाहेरचं. उरतात दोन वाटा: रस तापवणं किंवा परिरक्षक, म्हणजे टिकवण्याचं रसायन, घालणं.

परिरक्षकाची मोठी जमेची बाजू म्हणजे ताजेपणा. संत्र्याचा रस तापवला की जो शिजल्यासारखा वास येतो, तो इथे नाही. नेहमीची परिरक्षकं दोन, बेंझोएट आणि सॉर्बेट. बेंझोएट आंबट रसातच नीट चालतं आणि क जीवनसत्त्वासोबत त्यातून किंचित बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं, म्हणून माझा कल सॉर्बेटकडे होता. तेही यीस्ट-बुरशीला रोखतं, सहसा मारत नाही. फळं मुळातच डागी असतील तर ते फार काळ तग धरत नाही. शिवाय झायगोसॅकरोमायसेस बेली नावाची यीस्ट दोन्हींना फारशी दाद देत नाही.

पण तापवण्याचा माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कटकटीमुळे. सॉर्बेटचं दाट द्रावण थंड, आंबट रसात भसकन ओतलं की सॉर्बिक आम्ल सुटं होतं आणि पांढरी कणी धरते. बारीक धारेने, सतत ढवळत ओतलं तर टळतं, हे खरं. तरी बाटल्या भरताना मनात पाल चुकचुकतेच: तळाच्या बाटलीत जास्त गेलं का, वरच्या कोरड्याच राहिल्या का? डोळ्यांना काही कळत नाही. तापवताना थर्मामीटर बाटलीच्या मधोमध धरला की आकडा समोर असतो.

उष्णतेने रोगजंतूही मरतात. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून घातक ई. कोलाय पसरला होता. आंबटपणा आणि थंडी दोन्ही त्याने पचवली होती. तापवूनही अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस या रस नासवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (त्याची चिवट, सुप्त रूपं) उरतात, पण फ्रिजच्या थंडीत ते सहसा डोकं वर काढत नाहीत.

कलिंगडासारखा कमी आंबट रस असेल तर मात्र बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूच्या बीजाणूंपुढे यातली कुठलीच वाट पुरेशी नाही. आधी लिंबू पिळून पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितका रस आंबट) ४.६ च्या बराच खाली आणावा लागतो. संत्र्याच्या ताज्या वासावरच ज्याची सगळी भिस्त आहे, त्याने कदाचित सॉर्बेटच घ्यावं. सफरचंद किंवा द्राक्षाचा रस असेल, तर मी तरी पातेलं गॅसवर ठेवीन.