गच्चीवरची ब्लूबेरी: रोपवाटिकेचा अनुभव
सोलापुरात होटगी रोडकडच्या एका रोपवाटिकेतून ब्लूबेरीचं रोप आणलं. तिथल्या मावशींनी आधी विचारलं, "ताई, पाणी बोअरचं की नळाचं?" तिथंच माझा विश्वास बसला. आपली काळी माती या झाडाला चालतच नाही, त्याला ४.५ ते ५.५ सामू (pH), म्हणजे आम्लधर्मी माती लागते. त्यांनी कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पाइनची साल भरून दिली. बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यानं सामू चढतो, लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मी पावसाचं साठवलेलंच घालते. वर शेडनेट हवीच, सोलापूरचं ऊन आहे हे! कमी थंडीवर फळणारी जात म्हणाल्या, पण रोपाला जातीची चिठ्ठी नव्हती, ते खटकलं. १०० ग्रॅम फळांत साधारण ५७ कॅलरी, २.४ ग्रॅम तंतू. निळा रंग अँथोसायनिनचा, तो मुख्यतः सालीत असतो. फळ सालीसकटच खा.