ज्येष्ठांवरील संशोधन अभ्यास, सहभागीच्या बाजूने

वृद्धत्व आणि ज्येष्ठांचे आरोग्य यांवरील अभ्यासांसाठी सहभागी हवे आहेत, असे सांगणाऱ्या पत्रकांवर बहुधा 'मोफत तपासणी' हे शब्द सर्वांत ठळक असतात आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते. संशोधन अभ्यास हा उपचार नसतो. तेथील डॉक्टर एका प्रश्नाचे उत्तर शोधत असतात आणि त्या उत्तराचा लाभ आपल्याला व्यक्तिशः मिळेलच असे नाही. असे असले तरी सहभागी आपला वेळ, आपले रक्त आणि आपल्या प्रकृतीची खासगी माहिती देत असतो, तेव्हा केंद्राचा कारभार एखाद्या सेवेसारखा पारखून घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना नियमित व्यायाम करवून घेतल्यास चालण्याची क्षमता टिकते का आणि पडण्याचे प्रकार कमी होतात का, हे पाहणाऱ्या एका अभ्यासात मी सहभागी होतो. त्या केंद्राचे हे परीक्षण आहे. त्याचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही.

केंद्राची खरी पारख संमतिपत्रावर होते. मला दिलेले संमतिपत्र लांबलचक होते, परंतु अक्षर मोठे होते, वाक्ये सरळ होती आणि ते घरी नेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, असे केंद्रानेच सांगितले होते. सही घेण्यापूर्वी कोऑर्डिनेटर बाईंनी "समजलं ना?" एवढे विचारून काम उरकले नाही. त्या म्हणाल्या, "काका, यात तुम्हाला काय काय करावं लागेल आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर काय होईल, हे तुमच्या शब्दांत मला सांगा." मान डोलावणे सगळ्यांनाच जमते, विशेषतः ज्यांना कमी ऐकू येते त्यांना, त्यामुळे ही पद्धत मला फार योग्य वाटली. माझा मुलगा शेजारीच बसला होता. त्याच्या प्रश्नांनाही उत्तरे मिळत होती. पण म्हाताऱ्या माणसाला वगळून त्याच्या मुलाशी बोलण्याची जी सवय दवाखान्यांत सर्रास दिसते, ती येथे दिसली नाही. मध्येच बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करील आणि तक्रार असल्यास एथिक्स कमिटीशी संपर्क कसा साधायचा, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. उणीव एकच होती. रक्ताचे नमुने साठवून पुढे दुसऱ्या संशोधनासाठी वापरण्याची परवानगी मुख्य मजकुरातल्या एका ओळीत उरकलेली होती. तिच्यासाठी वेगळी सही घ्यायला हवी होती.

पहिल्या दिवशीची तपासणी हा या अनुभवाचा सर्वांत समृद्ध भाग होता. रक्तदाब, वजन, रक्ततपासणी हे सगळीकडे होते. येथे मोजली गेली ती हालचाल. आधी दोन्ही पावले जुळवून, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी आणून आणि शेवटी टाचेला बोटे टेकवून एका रेषेत, असे प्रत्येक वेळी १० सेकंद आधार न घेता उभे राहायचे. त्यानंतर नेहमीच्या चालीने ४ मीटर चालायचे आणि शेवटी हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा लागोपाठ उठायचे. या तिन्हींचे प्रत्येकी चार, असे एकूण १२ गुण असतात. चाचणी घेणाऱ्या तरुणाने खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती आणि जमिनीवरची चालण्याची पट्टी शेवटच्या रेषेच्या बरीच पुढे नेली होती. मी कारण विचारल्यावर त्याने सांगितले की पट्टी संपताना दिसली की माणूस आपोआप पाऊल आखडता घेतो आणि मोजलेला वेग खोटा ठरतो. ही चाचणी दिसायला पोरखेळ वाटते, पण तिच्यामागे भक्कम आधार आहे. नऊ दीर्घकालीन अभ्यासांतील ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्याची लांबी यांचा स्पष्ट संबंध दिसून आला होता.

स्मरणशक्तीच्या चाचणीबद्दल मात्र मी असमाधानी आहे. काही शब्द ऐकवून ते थोड्या वेळाने आठवायला सांगतात, तीच ही चाचणी. ती घेताना शेजारच्या भागात, केवळ एका पडद्यापलीकडे, दुसऱ्या बाईंची तीच चाचणी सुरू होती आणि तेच शब्द मला दोनदा ऐकू आले. माझे गुण चांगले आले, यात नवल ते काय! पायांच्या चाचणीत एवढी काटेकोर असणारी मंडळी कानांच्या बाबतीत इतकी ढिली कशी राहिली, हे कळले नाही. हा दोष मी लेखी कळवला आहे.

यानंतर संगणकाने चिठ्ठी काढली आणि मी व्यायामाच्या गटात न जाता आरोग्यविषयक व्याख्यानांच्या गटात गेलो. बहुतेक सहभागींचा विरस होतो तो याच टप्प्यावर, आणि काही जण येथूनच गळतात. केंद्राने या टप्प्यावर अधिक वेळ द्यायला हवा होता, कारण तुलनेसाठी ठेवलेला गट म्हणजे उरलेल्यांचा गट, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वास्तविक सर्व भिस्त याच गटावर असते. अमेरिकेत आठ केंद्रांत झालेल्या आणि २०१४ मध्ये निकाल जाहीर झालेल्या 'लाइफ' या अभ्यासाची रचना अशीच होती. ७० ते ८९ वर्षे वयाचे, बैठ्या सवयीचे आणि वर सांगितलेल्या चाचणीत नऊ किंवा त्याहून कमी गुण मिळालेले १,६३५ जण त्यात होते. एका गटाला चालण्याचा, ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम आणि दुसऱ्या गटाला व्याख्याने. सुमारे अडीच वर्षांनंतर, कोणाच्या मदतीशिवाय आणि न बसता ४०० मीटर चालणे ज्यांना अशक्य झाले, त्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, तर व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के होते. व्याख्यानांना येऊन बसणारे ते शेकडो लोक नसते, तर ३०.१ या आकड्याला काहीही अर्थ उरला नसता. हे मला केंद्रातील कोणी सांगितले असते, तर पहिली काही व्याख्याने मी अधिक उत्साहाने ऐकली असती. व्याख्याने तशी बरी होती. झोपेवरचे आणि औषधांच्या परस्परांवरील परिणामांवरचे तर उत्तम होते.

घरी करायचे काम साधे होते. दर महिन्याला एक छापील तक्ता मिळे आणि त्यात रोज, पडलो की नाही, याची खूण करायची असे. न पडल्याच्या दिवशीही खूण करायची, ही अट सुरुवातीला जाचक वाटते. पण महिन्याच्या शेवटी आठवून सांगितलेले पडणे विश्वासार्ह नसते, कारण ज्या पडण्यात इजा झाली नाही ते माणूस विसरतो, आणि काही जण ते लपवतातही. घरच्यांना कळले तर एकट्याने बाहेर जाणे बंद होईल, ही धास्ती त्यामागे असते. तक्ता न पोहोचल्यास फोन येई, आणि फोन करणाऱ्या व्यक्तीला मी कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसे. "गट सांगू नका हं," असे ती आधीच बजावत असे. शिस्त म्हणतात ती ही.

केंद्रापर्यंत जाण्या-येण्याची सोय, बसायला हातांच्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, उपाशीपोटी रक्त दिल्यानंतर लगेच नाश्ता या बाबतींत तक्रारीला जागा नाही.

माझा मोठा आक्षेप प्रवेशाच्या निकषांवर आहे. माझ्याबरोबर नाव द्यायला आलेल्या एका परिचितांना, हृदयविकार आणि विसराळूपणाची सुरुवात, या दोन कारणांनी नाकारले गेले. त्यांना नम्रपणे, कारणासह सांगितले गेले हे खरे. परंतु पडण्याचा धोका ज्याला सर्वाधिक आहे, नेमका तोच माणूस पडण्यावरच्या अभ्यासातून बाहेर राहिला. हा दोष एका केंद्रापुरता नाही. रक्तदाब १४०च्या ऐवजी १२०च्या खाली आणल्यास काय होते, हे तपासणाऱ्या 'स्प्रिंट' या नावाजलेल्या अभ्यासात ९,३६१ जण होते आणि त्यांपैकी २,६३६ जण पंचाहत्तरी ओलांडलेले होते, ही त्याची जमेची बाजू. पण मधुमेही, पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले आणि शुश्रूषागृहात राहणारे लोक त्यातून वगळलेले होते. ऐंशीच्या पुढच्या माणसाचा रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयी डॉक्टरांमध्ये बराच काळ संभ्रम होता. त्या वयाच्या ३,८४५ जणांवरील 'हायव्हेट' अभ्यासाने २००८ मध्ये उपचारांच्या बाजूने कौल दिला, तोही त्यातल्या त्यात धडधाकट मंडळींच्या आधारावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ पासून, निधी हवा असेल तर वयाच्या आधारे कोणाला वगळण्याचे कारण द्यावे लागेल, असा नियम केला आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु वयाची अट काढून आजारांची यादी तशीच ठेवली, तर म्हातारपण बाहेरच राहते, कारण अनेक आजार एकत्र असणे हीच त्या वयाची सर्वसाधारण स्थिती असते.

दुसरा आक्षेप निकालाबद्दलचा आहे. शेवटच्या तपासणीनंतर आभाराचे पत्र आले आणि मग शांतता. सहभागींना अभ्यासाचा सर्वसाधारण निकाल जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असे वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलेले आहे. मी विचारणा केली तेव्हा विश्लेषण सुरू असल्याचे उत्तर मिळाले. ते खरेही असेल, पण ते स्वतःहून कळवायला काय हरकत होती? संमतिपत्रावर नोंदणी क्रमांक छापलेला असल्याने मला सार्वजनिक नोंदवहीत अभ्यासाची स्थिती पाहता आली. प्रत्येक ज्येष्ठाला ते जमेल, असे गृहीत धरता येत नाही.

निकाल कळणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण 'अ‍ॅस्प्री' या अभ्यासात आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. मोजायचे ठरवले होते ते, स्मृतिभ्रंश किंवा कायमचे परावलंबन न येता किती काळ जगता येते, हे. ज्येष्ठांना विचारले असते तर त्यांनीही हाच प्रश्न निवडला असता, असे मला वाटते. २०१८ मध्ये उत्तर आले की गोळीने हा काळ वाढत नाही, उलट मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढते. कोणताही त्रास नसताना केवळ खबरदारी म्हणून ती गोळी सुरू करावी का, हा प्रश्न ज्या ज्येष्ठांपुढे होता, त्यांच्यासाठी हा नकार एखाद्या नव्या औषधाइतकाच उपयोगी होता.

आपल्या एखाद्या दुखण्याचे निदान व्हावे म्हणून कोणी अशा केंद्रात जाऊ नये; तेथे आढळलेली शंकास्पद गोष्ट ते आपल्या डॉक्टरांना कळवतात, पुढचे आपल्यालाच पाहावे लागते. वेळ आहे, प्रवास झेपतो आणि कोणताही गट मिळाला तरी शेवटपर्यंत टिकण्याची तयारी आहे, अशांनी मात्र हे केंद्र अवश्य पाहावे. मला पुढच्या टप्प्यासाठी विचारणा झाली आहे. निकाल कधीपर्यंत आणि कोणत्या मार्गाने कळवणार, हे नव्या संमतिपत्रात लिहून द्यावे आणि स्मरणशक्तीची चाचणी बंद खोलीत घ्यावी, असे मी कोऑर्डिनेटर बाईंना कळवले आहे. तेवढे झाले तर मी सही करीन.