आधी देश, मग शिक्का: बेळगावातल्या ‘फॉरिन कागदपत्रं’ पॅकेजचं परीक्षण

टिळकवाडीत आणि खानापूर रोडला इंग्रजी-जर्मनच्या क्लासच्या पाट्यांखाली हल्ली आणखी एक पाटी हमखास दिसते: ‘अपोस्टिल, अटेस्टेशन, ट्रान्सक्रिप्ट, पीसीसी, सर्व एकाच ठिकाणी’. नर्सिंग झालेल्या मुली, व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे) इंजिनिअर, फार्मसीवाले, परदेशी निघालेल्या बहुतेकांची फाइल अशा एखाद्या टेबलावरून जाते. त्यातल्याच एका कार्यालयाच्या पॅकेजचं हे परीक्षण. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या एका दुकानाचा कमी आणि या धंद्याच्या रीतीचा जास्त आहे.

पॅकेजात पदवी, सगळी मार्क्स कार्डं, एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी), जन्मदाखला आणि असल्यास लग्नाचा दाखला एवढ्यांवर अपोस्टिल, विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा एकत्र उतारा), पोलीस क्लिअरन्सचा (पीसीसी) अर्ज आणि कागद घरपोच, एवढं येतं. ऐकायला झकास. खोट अशी की टेबलावरचा पहिला प्रश्न ‘कागद किती?’ असा असतो. तो ‘देश कुठला?’ असा हवा.

अपोस्टिल म्हणजे कागदातला मजकूर खरा असल्याचा दाखला नव्हे. त्यावरची सही आणि शिक्का त्या त्या अधिकाऱ्याचाच आहे, एवढंच तो सांगतो. १९६१ च्या हेग कराराने ही पद्धत आली आणि भारतात ती २००५ पासून लागू आहे. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत हा करार चालत नाही. बेळगावातून जर्मनीला निघालेल्या इंजिनिअरचं काम वेगळंच असतं: आपलं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या जर्मन यादीत कुठल्या शेऱ्याने आहे ते बघायचं, पदवी तिथे सापडली नाही तर २०८ युरो भरून समकक्षतेचं पत्र मागवायचं. नर्सला तिकडच्या राज्याच्या मान्यता कार्यालयात साक्षांकित प्रती आणि शपथबद्ध अनुवादकाकडून केलेला जर्मन अनुवाद द्यावा लागतो, शिवाय नोंदणीसाठी भाषेची बी-टू पातळी. यात दिल्लीहून, परराष्ट्र खात्याकडून येणाऱ्या अपोस्टिलच्या स्टिकरला जागाच नाही.

ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीचंही तेच. तिथल्या परिषदेला आपल्या नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची खात्री हवी असते, मग संगणकावरची परीक्षा, तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा आणि आयईएल्टीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. कॅनडात २०२४ च्या जानेवारीपासून हेग करार लागू झाला खरा, पण तिकडे कायम वास्तव्यासाठी पदवीचं मूल्यमापन करताना संस्थांना विद्यापीठाकडून थेट आलेलं ट्रान्सक्रिप्ट लागतं, अपोस्टिल नव्हे. आखातात तर एकाच विमानतळावरून निघणाऱ्यांची वाट देशागणिक वेगळी. ओमान, बहारीन आणि २०२२ च्या अखेरीपासून सौदी करारात आहेत. दुबई-अबुधाबी, कतार, कुवेत नाहीत, म्हणून तिथे परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यावर वकिलातीचा आणखी एक शिक्का लागतो.

म्हणजे पॅकेजातला सर्वांत महाग भाग त्याच दुकानात येणाऱ्या निम्म्याअधिक देशांच्या गिऱ्हाइकांना लागत नाही. बरं, परराष्ट्र खात्याची अपोस्टिलची मूळ फी एका कागदाला ५० रुपये आहे. वर खात्यासाठी कागद जमा करून घेणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क थोडकं. बाकी जे काही मोजलं जातं ती हेलपाट्यांची मजुरी. मजुरी घ्यावी, त्याबद्दल तक्रार नाही, कारण बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर आहे आणि रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने जाऊन सकाळी सरकारी ऑफिसच्या रांगेत उभं राहणं हे कामच आहे. फक्त रेट कागदानुसार वेगळा लिहून द्यावा. हे कार्यालय एकच गोळा आकडा सांगतं, आणि तिथेच गुण कापावे लागतात.

सीमाभागात दुसरी गोम विद्यापीठाची. परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याआधी पदवीवर राज्य सरकारची सही लागते, आणि ती कुठल्या राज्याची, हे उमेदवाराच्या आधार कार्डावरून ठरत नाही, विद्यापीठावरून ठरतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर फाइल मुंबईला जाते, धारवाड, आरसीयू (बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ) किंवा व्हीटीयूची असेल तर बेंगळुरूला, कर्नाटकाच्या उच्च शिक्षण खात्याकडे. पत्ता शहापूरचा म्हणून कोल्हापूरची पदवी बेंगळुरूला पाठवली की ती तशीच परत येते, आणि गेलेले दिवस उमेदवाराच्याच खात्यात जमा होतात. जन्म-लग्नाच्या दाखल्यांची वाट तर आणखी निराळी, ती गृह किंवा सामान्य प्रशासन खात्यातून जाते.

मध्येच ‘दिल्लीवरून लवकर करून देतो’ असा पर्याय पुढे येतो. हा राज्याच्या खात्याऐवजी तिथल्या एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) सहीचा मार्ग. त्यावरही परराष्ट्र खात्याचा शिक्का बसतो, खोटं काही नाही. पण शिक्षणाच्या कागदांवर आखातातले बरेच मालक आणि वकिलाती राज्याच्या शिक्षण खात्याचीच सही मागतात. मग तोच कागद पुन्हा पहिल्यापासून. स्वस्त वाटणारा हा मार्ग घेण्याआधी तिकडच्या एचआरकडून एका ओळीचा ईमेल मागवावा.

ट्रान्सक्रिप्ट मात्र दुकानाला देऊच नये, हे आमचं स्पष्ट मत. व्हीटीयूचं मुख्यालय मच्छेत, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. आरसीयूही बेळगावजवळच. विद्यापीठाचं काम दुसऱ्याच्या हातून करून घेण्याइतकं लांब यातलं काही नाही. २०१० मध्ये आरसीयू सुरू होण्याआधी बेळगावच्या कॉलेजांतून बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांना धारवाड गाठावंच लागतं, आणि १९९८ च्या आधीच्या इंजिनिअरांनाही, कारण तेव्हा व्हीटीयू नव्हतं. स्वायत्त कॉलेजात शिकलेल्यांनी लक्षात ठेवावं: मार्क्स कार्ड कॉलेजचं, पदवी व्हीटीयूची, त्यामुळे चकरा दोन्हीकडे. ट्रान्सक्रिप्टचं पाकीट बंद करून तोंडावर विद्यापीठाची सही आणि शिक्का हवा. ते ‘एकदा बघू तरी’ म्हणून घरी उघडलं की ते ट्रान्सक्रिप्ट नुसता कागद होतं. सौदीला किंवा दुबईला जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या बाबतीत पडताळणी कंपनी विद्यापीठाला थेट विचारते. विद्यापीठाकडून उत्तरच गेलं नाही तर फाइल तिथे अडकते, म्हणून परीक्षा विभागातला चालू ईमेल पत्ता स्वतः जाऊन विचारून घ्यावा.

नावांचं प्रकरण या दुकानाला बऱ्यापैकी कळतं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. मराठी घरातलं नाव कानडी नोंदीतून इंग्रजीत उतरतं तेव्हा ‘जाधव’मधला एच गळतो, ‘ज्योतिबा’चा वाय जातो. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आडनावापुढे नुसती आद्याक्षरं असतात आणि पासपोर्टवर पूर्ण नाव. इथे टेबलावरची बाई पासपोर्ट उघडून पट्टी घेते, प्रत्येक कागदावर त्या ओळीखाली पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचते आणि फरक पेन्सिलीने वेगळ्या कागदावर उतरवते. फरक एका अक्षराचा असेल तर प्रतिज्ञापत्रावर बहुधा भागतं. अख्खं नावच वेगळं असेल तर शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा घेऊन हेडमास्तरांमार्फत बोर्डाकडे दुरुस्ती, आणि ती पासपोर्टच्या आधी. जन्मस्थळ कुठे ‘बेलगाम’ आणि कुठे ‘बेळगावी’ असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकाने बारा शहरांची नावं बदलली, त्या अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये ठेवावी आणि अनुवादकाला दाखवावी.

लॅमिनेशन काढायचं कामही चांगलं करतात. पदवी लॅमिनेट करून भिंतीवर लावायची आपली जुनी हौस, पण स्टिकर कागदावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही. इथे मागची बाजूच तेवढी सोडवतात: कोपरा हेअर ड्रायरने गरम करायचा, पापुद्रा जवळजवळ आडवा धरून सावकाश ओढायचा, शाई प्लॅस्टिकबरोबर उठायला लागली की हात थांबवायचा. उठलीच तर विद्यापीठातून डुप्लिकेट काढण्यावाचून इलाज नाही.

पीसीसीच्या बाबतीत गडबड वेळेची होते. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज होतो, फी ५०० रुपये. पॅकेज पूर्ण दिसावं म्हणून दुकान तो पहिल्याच आठवड्यात करून टाकतं. बहुतेक ठिकाणी हा दाखला सहा महिन्यांपर्यंतच ताजा मानतात, आणि जर्मन बी-टू व्हायलाच त्याहून जास्त लागतात. ऑफर लेटर आल्यावर करावा. सध्या पुण्यात राहता आणि पासपोर्टवर पत्ता अनगोळचा असेल, तर पोलीस चौकशी कुठे होणार ते अर्ज भरतानाच बघून घ्यावं.

आणि कागदांच्या दुकानातून हळूच ‘नोकरीपण बघून देतो’ असं ऐकू आलं तर खुर्ची मागे सरकवावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, त्याचा नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर सापडतो आणि उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला जीएसटी सोडून ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. नर्सेसना आखातासह अठरा देशांत पाठवण्याचे नियम त्याहून कडक आहेत, तिथे साध्या खासगी एजंटाला वावच नाही.

एकंदरीत नावांची तपासणी, लॅमिनेशन आणि बेंगळुरू-मुंबईचा हेलपाटा यांसाठी पाचांपैकी चार. देश न विचारता पूर्ण पॅकेज गळ्यात मारण्यासाठी दोन. फाइल परत घेताना घाई करू नये: दिलेल्या मूळ कागदांची दोन प्रतीतली सही केलेली यादी मागावी, प्रत्येक अपोस्टिलचा नंबर फोनवर परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन नोंदीत टाकून बघावा, तिथलं नाव हातातल्या कागदाशी जुळलं की मगच उरलेले पैसे काढावेत.