जुन्या १.३ पेट्रोल स्विफ्टचे प्लग आणि टॅपेट कव्हर पॅकिंग : आठ महिने, ११,००० किमीनंतर

गाडी पहिल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसीचं इंजिन, काम केलं तेव्हा मीटरवर १,४२,००० किमी. दिवाळीनंतर एकाच बैठकीत चार स्पार्क प्लग, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, चार प्लग होल सील (प्लगच्या खोल भोकात ऑइल उतरू न देणारे रबरी कडे), कव्हरच्या बोल्टखालचे रबरी वॉशर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला दाब काढून घेणारी छोटी झडप) एवढं बदललं. तेव्हापासून मोर्शी-वरुडकडचे रस्ते, हंगामात मागं संत्र्याचे क्रेट, दोनदा चिखलदऱ्याचा घाट आणि पंचेचाळीस अंशांचा मे महिना असा वापर झाला. मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून बसणारे झटके, गेलं ते गेलंच. गळती मात्र मध्ये एकदा परत आली, आणि तिच्यात पॅकिंगचा काही दोष नव्हता.

आधीची लक्षणं अशी होती. सकाळी थंड गाडी ठीक चालायची. तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढावर रेस दिली की झटके. गाडी उभी केली की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास, कारण कव्हरच्या कडेतून पाझरलेलं ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उतरत होतं. असं दिसलं की गावातलं ठरलेलं उत्तर म्हणजे "सिलिकॉन चोपडून देतो ना भाऊ, पॅकिंग कायले आणतं?" सिलिकॉन बाहेरून चोपडल्यानं दोन-तीन महिने कड कोरडी दिसते. प्लग होलच्या आतली गळती तशीच राहते, आणि झटके तिच्यामुळंच येत असतात. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचं रबर ऑइलमध्ये भिजलं की फुगतं, सैल पडतं. मग ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता चिनी मातीच्या बाहेरून सरपटत बॉडीकडं जाते. रिकाम्या इंजिनला हे कळत नाही. लोड आला, सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला आतली फट ओलांडणं जड जातं आणि ती बाहेरची सोपी वाट धरते. म्हणून नेमके घाटातच झटके.

प्लग काढल्यावर ऑइल कुठं लागलंय ते नीट पाहावं. चिनी मातीवर, षटकोनावर आणि वरच्या बाजूला ऑइल असेल तर प्लग होल सील गेला. आटे आणि जळणारं टोक काळं, ओलं असेल तर ऑइल आतून येतंय, म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. तिथं टॅपेट पॅकिंग बदलून एक थेंबही थांबणार नाही. टोक कोरडं काळं, काजळीसारखं असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. भुरकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. चिनी माती जिथं लोखंडात शिरते तिथं तपकिरी कडं दिसतं, त्याला लोक हमखास गॅस लीक समजतात. ते विजेच्या दाबामुळं हवेतले ऑइलचे कण चिकटून पडलेला डाग असतो, निरुपद्रवी. त्यासाठी प्लग फेकू नये.

या इंजिनात चार प्लगना दोनच कॉइल. एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते, त्यातल्या एका प्लगमध्ये वीज उलट्या दिशेनं जाते. त्यामुळं जोडीतल्या एका प्लगचं मधलं टोक झिजतं तर दुसऱ्याचं वरचं वाकडं टोक. जुने प्लग एका रांगेत ठेवले की हा फरक डोळ्यांना दिसतो. दोन प्लग बरे दिसतात म्हणून फक्त दोनच बदलायचे हा हिशेब इथं चुकतो.

बसवलेले प्लग एनजीकेचे साधे निकेल, बीकेआर६ई-११. नाव वाचता आलं की दुकानात फसगत होत नाही: बीके म्हणजे १४ मिमीचे आटे आणि १६ मिमीचा षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे, ११ म्हणजे १.१ मिमीचा गॅप (दोन टोकांमधली फट). एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये नेमकं उलट. "सहाच्या जागी सहा" म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग हातात दिला तर घेऊ नये. तालुक्याच्या बाजारात डुप्लिकेट भरपूर. खऱ्या प्लगचं वॉशर आट्यांवर फिरतं पण हातानं निघून येत नाही. डुप्लिकेटचं बोटानं ओढलं की निघतं. महागडा इरिडियम टोकाचा प्लग घ्यावा का? या वयाच्या गाडीत, जिथं ऑइल थोडंफार जळणारच, चारपट पैसे घालण्यात अर्थ दिसत नाही. निकेल तीस-चाळीस हजार किमी जातो, तेवढं पुरे.

गॅप पाकिटातून येतो तोच बरोबर असतो असं धरू नये. पार्सलमध्ये आपटलेला एक प्लग ०.९ निघाला. गेज घालून, वरचं टोक अलगद वाकवून तो १.१ वर आणला. मधल्या टोकाला पाना टेकवून कधी उचकू नये, चिनी माती आतून तडकते आणि बाहेरून कळत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग फिरवला की आटे प्लगबरोबर बाहेर येतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत उभी गाडीही रात्री उशिरापर्यंत थंड होत नाही, तेव्हा हे काम पहाटेचं. कॉइलचे कनेक्टर काढताना आधी लॉक दाबावा. पंधरा वर्षांचं प्लास्टिक ओढलं की तुटतंच. प्लगच्या वायरींना खडूनं नंबर टाकावेत. मग प्लग पाव फेराच सैल करावा आणि थांबावं. होलमध्ये ऑइल असेल तर काडीला फडकं गुंडाळून टिपून घ्यावं, नंतर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारावी. काळ्या मातीची धूळ आणि ऑइल मिळून तळाशी जो गाळ बसतो तो प्लग काढताच थेट सिलिंडरमध्ये जातो. ऑइलचा थेंब गेला तर दोन मिनिटं धूर निघेल, रेती गेली तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा. प्लग अर्ध्यात अडकला तर जोर न लावता आट्यांवर गंज सुटायचं तेल सोडून, अर्धा तास थांबून, मागं-पुढं करत काढावा.

नवा प्लग गोटी पान्यात घालून खाली सोडू नये. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवून त्यानं फिरवत आत न्यावा. आटे तिरपे लागले तर पाइप घसरतो, पाना मात्र घसरत नाही आणि आटे खातो. बोटानं बसेल तिथपर्यंत बसवला की टॉर्क पान्यानं २५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हातानं टेकल्यावर अर्धा फेरा, वॉशर दबल्याचं हाताला कळतं. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, तेव्हा जेमतेम घड्याळातल्या एका तासाएवढं. आट्यांना ग्रीस नको. एनजीकेच्या प्लगवर आधीच मुलामा असतो, ग्रीस लावलं की टॉर्क पान्याच्या त्याच आकड्यावर प्लग जास्त कसला जातो.

आता कव्हर. बोल्ट बाहेरून मध्याकडं, प्रत्येक थोडा थोडा सैल करत काढावेत. कव्हर चिकटलं असेल तर बाजूनं रबरी हातोडीचे हलके ठोके. स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकलं की ॲल्युमिनियमवर खाच पडते आणि ती खाच कुठलंच पॅकिंग बुजवत नाही. कव्हर निघाल्याबरोबर कॅमशाफ्टवर धुतलेलं फडकं पसरावं. हेडची कड प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून पेट्रोलच्या फडक्यानं पुसावी. पॉलिश पेपर अजिबात नाही, त्याची रेती ऑइलबरोबर फिरते. कव्हरमधली पॅकिंग बसायची खाच जुन्या टूथब्रशनं साफ केली, तळाशी जुन्या सिलिकॉनच्या शेवया निघाल्या. त्यांच्यामुळंच पॅकिंग एका कोपऱ्यात वर उचललं गेलं होतं.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसतं. सिलिकॉन फक्त तिथं, जिथं हेडवर दोन भागांचा सांधा किंवा काटकोन येतो, आणि तेही तुरीच्या दाण्याएवढं. जास्त लावलेलं आतल्या बाजूला सुटतं आणि ऑइलच्या गाळणीत जाऊन अडकतं. प्लग होल सीलच्या ओठाला मात्र ऑइलचं बोट लावावं, नाहीतर कव्हर बसवताना ओठ आत दुमडतो. बोल्ट मध्यातून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत, शेवटी १०-११ न्यूटन मीटर. हाताच्या भाषेत, छोट्या रॅचेटला दोन बोटांचा जोर. गळतंय म्हणून आणखी कसणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक: आधी कव्हर वाकतं, नंतर हेडमधले आटे जातात. बुचाचं पॅकिंग असलेल्या फार जुन्या गाड्यांत काही दिवसांनी परत कसावं लागतं. रबरी पॅकिंगला नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि तीच सगळे विसरतात. तो काळ्या गाळानं चोंदला की इंजिनच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो, आणि नव्या पॅकिंगमधून ऑइल ढकलतो. हलवून पाहावा, आत खुळखुळला पाहिजे. इंजिन चालू असताना तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवली पाहिजे. त्याचा पाइपही वाकवून पाहावा. जुन्याला उन्हानं बारीक चिरा होत्या आणि आयडलिंग वर-खाली होत होतं ते त्यामुळंच. पाइप बदलल्यावर थांबलं.

आठ महिन्यांचा हिशेब असा. झटके शून्य, चिखलदऱ्यालाही. ॲव्हरेज लिटरला जेमतेम पाऊण किमीनं वाढलं; त्याहून जास्त कुणी सांगत असेल तर त्याचे जुने प्लग फारच मेलेले असतील. जळका वास बंद. डिपस्टिकवर पूर्वी तीन हजार किमीत अर्धी खूण उतरायची, आता पाव उतरते. उरलेलं ऑइल रिंगा खातात, त्याला पॅकिंग काय करणार. आता गॅप मोजला तर १.१ चा गेज सहज जातो, १.२ चा अडकतो.

आणि ती परत आलेली गळती. पॅकिंग ओरिजनल घेतलं होतं, पण प्लग होल सील त्या दिवशी मिळाले नाहीत म्हणून बिननावाच्या सेटमधले टाकले. मार्चअखेर तिसऱ्या प्लग होलमध्ये पुन्हा ऑइल. कव्हर काढलं तर मूळ पॅकिंग नखानं दाबलं की दबत होतं आणि परत उठत होतं. बिननावाच्या सीलवर नखाचा वळच उठत नव्हता, ओठ प्लास्टिकसारखा टणक. स्वस्त नायट्राइल रबर सतत शंभर-सव्वाशे अंशांत राहिलं की असंच होतं, आणि हेडमधलं तापलेलं ऑइल तिथपर्यंत जातंच. चारही सील ओरिजनल टाकले, पॅकिंग पुसून तेच बसवलं, तिसऱ्या प्लगच्या कॉइलचं रबर पेट्रोलऐवजी साबणाच्या पाण्यानं धुवून वाळवलं, कारण पेट्रोलनं ते आणखी फुगतं. कव्हर काढून बसवायला दीड तास गेला, जो पहिल्यांदाच सील मिळेपर्यंत थांबलं असतं तर वाचला असता.

जूनअखेर, पहिला पाऊस झाल्यावर, चारही होलांत काडीला पांढरं फडकं गुंडाळून फिरवलं. तीन होल कोरडे ठणठणीत, चौथ्यात नुसती धूळ.