लाकडी उलथणी आणि भाजी चिरायचे बोर्ड: नऊ महिने रोज वापरल्यावर

मेपल, बीच, साग, अक्रोड, चेरी आणि रेड ओक अशी सहा लाकडं, सगळ्या वस्तू हाताने घडवलेल्या. विकणारा आधी कडकपणाचा आकडा सांगतो. तो जांका कसोटीचा असतो, म्हणजे 11.28 मिमी व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतवायला लागणारा जोर. मेपल साधारण 1450 पौंड, रेड ओक 1290, साग 1070, अक्रोड 1010, चेरी 950. आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून वस्तू निवडली तर फसगत होते. आधी छिद्रं बघावीत, मग ओलीने लाकूड किती फुगतं ते.

रेड ओकचंच बघा. अक्रोडापेक्षा कडक, तरी सहांत सगळ्यात निरुपयोगी. त्याची छिद्रं नळीसारखी आरपार उघडी असतात. आखूड तुकड्याच्या एका टोकाने फुंकलं तर दुसऱ्या टोकाने हवा येते. रस आत गेला की वास जात नाही. ओकच हवा असेल तर व्हाइट ओक घ्या. त्याच्या गाभ्यातली छिद्रं मुळातच बुजलेली असतात, म्हणून पिंपं त्याची करतात.

बीचची उलथणी उत्तम: बारीक छिद्रं, वास नाही. बोर्ड मात्र वाकतो. हिरवं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने बीच 11-12 टक्के आकसतो, साग 5-6 टक्केच. नंतर ओल लागली-गेली की हाच फरक दिसतो. एकच बाजू धुतली की ती फुगते आणि बोर्डाची दुसरी बाजू खोलगट होते. तो सरळ करायला खोलगट बाजू ओल्या फडक्यावर पालथी ठेवावी, वर हलकं वजन, आणि रात्रभर तसाच सोडावा. पुढे दोन्ही बाजू भिजवून उभाच वाळवायचा.

साग पाण्याला दाद देत नाही, पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कडक कण असतात, ते सुरीची धार मारतात. त्यामुळे साग उलथण्याला घ्यावा, बोर्डाला नाही. शिवाय त्याच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, तेव्हा जोडकामाच्या वस्तूचे सांधे नखाने तपासावेत.

बोर्डाला मेपल. अक्रोड सुरीला मऊ आणि डाग लपवणारा, पण ओल्या लोखंडाला टेकला की त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळा पडतो. लिंबू चोळल्यावर डाग फिका होतो. चेरीच्या उलथण्याची कड लवकर चेपते. रंग मात्र उजेडात सुंदर गडद होत जातो.

लाकूड कुठलंही असो, उलथण्याच्या मानेतल्या रेषा बघाव्यात. त्या दांड्याच्या लांबीने न जाता तिरक्या बाहेर पडत असतील तर वस्तू तिथेच मोडणार.

नवी वस्तू पाण्याने पुसून वाळवली की कुसळं उभी राहतात. ती 220 नंबरच्या पॉलिश पेपरने काढावीत, हे दोन-तीनदा करून शेवटी 320. मग खाद्यदर्जाचं मिनरल ऑइल रात्रभर मुरवून जास्तीचं पुसायचं. वरून एक भाग मधमाशीचं मेण आणि चार भाग तेच तेल, गरम पाण्यावर वितळवून. स्वयंपाकाचं तेल नको, ते सुकत नाही, खवट होऊन चिकटतं. जवसाचं सुकतं, पण आठवडे लागतात. आणि त्याची फडकी चुरगळून टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवावीत.