रजोनिवृत्ती क्लिनिक: चिठ्ठीआधी हृदयाची चौकशी

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात आठवड्यातून एकदा भरणाऱ्या रजोनिवृत्ती क्लिनिकविषयी हा अभिप्राय आहे. पाळी जाऊन वर्ष उलटले होते, रात्री-अपरात्री घामाने गाऊन भिजत होता, आणि वडिलांना पन्नाशीतच हृदयविकाराचा झटका आलेला असल्यामुळे हार्मोन घ्यावेत की नाही, हे माझे मला ठरवता येत नव्हते.

येथील डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिण्याआधी हृदयाची नीट चौकशी केली, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. बीपी, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) तर झालीच. शिवाय पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हेही त्यांनी खोदून विचारले. हार्मोनमुळे हृदयाचे रक्षण होईल का, या प्रश्नावर मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, की हृदयविकार टाळण्यासाठी म्हणून त्या हे औषध कोणालाही देत नाहीत. ते वाफा, घाम आणि उडालेली झोप यांसाठी आहे.

अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातली, दोन स्त्री-हार्मोन एकत्र देण्याची चाचणी फायद्यांपेक्षा धोके जास्त दिसल्याने २००२ मध्ये मुदतीआधी थांबवली गेली आणि त्या धसक्याने असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, इतर धोके नसलेल्या बाईसाठी फायद्या-तोट्याचा हिशेब बराच वेगळा निघतो. एरवी घाईत उरकला जाणारा हा भाग डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून समजावला.

मला गोळीऐवजी ईस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे जेल मिळाले, कारण पोटात घेतलेले ईस्ट्रोजेन आधी यकृतात जाऊन रक्त गोठवणारे घटक वाढवते आणि त्वचेतून गेलेले तो फेरा टाळते. गर्भाशय शाबूत असल्याने अस्तर वाढू नये म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची कॅप्सूल आहेच. जेल दंडावर पातळ पसरून वाळू द्यायचे, लगेच हात धुवायचे आणि ती जागा लहान मुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही, हे सिस्टरने स्वतः दाखवले. घाम पुष्कळ कमी झाला. कोलेस्टेरॉलसाठी मात्र चालणे आणि वेगळी गोळी यांना पर्याय निघालेला नाही.

खटकले ते बाहेरच्या काउंटरवर. तेथे प्रत्येकीच्या हाती महागड्या ‘हार्ट पॅकेज’चे पत्रक दिले जाते, माझ्या पत्रकावरील बहुतेक तपासण्या डॉक्टरबाईंनी पेनाने खोडल्या, तेव्हा कोठे बिल आटोक्यात आले. जेल रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये नेहमी असतेच असे नाही, त्यामुळे ट्यूब संपण्याआधी मागवून ठेवावी. शिवाय क्लिनिकची वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक, त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईला प्रत्येक फेरीला रजा टाकावी लागते.