खिळ्याच्या भोकाचे १८,५०० रुपये

गेल्या दिवाळीत आमचे अठरा हजार पाचशे रुपये गेले. कशापायी, तर नालेच्या एका खिळ्याच्या भोकापायी. पैसे परत मिळणार नाहीत हे मी मनाशी धरलंय. पण तो माणूस अजून कुठे ना कुठे फिरत असेल, आणि ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

आमचा घोड्यांचा धंदा माथेरानला. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे बरेच जण पायी नाहीतर घोड्यावर जातात. आबांच्या वेळेपासून आमच्याकडे कधी दोन, कधी तीन जनावरं असतात. चांदणी त्यातली सगळ्यात शहाणी. कुमैत रंग, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका. लहान पोर पाठीवर बसलं की आपणहून पावलं सावकाश टाकते. बाजारात तिचे सत्तर-पंच्याहत्तर हजार कुणीही देईल.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तिची नाल बदलली. पावसाळ्यात खूर भिजून मऊ झालेले असतात, आणि सीझनच्या तोंडावर सगळ्यांनाच नाल हवी असते, त्यामुळे नाल ठोकणाऱ्या मामांकडे रांग होती. घाईत काम झालं. पहिल्या आंघोळीच्या पहाटे चंदी घालायला गेलो तर चांदणी पुढचा डावा पाय नुसता टोकावर टेकवून उभी. चंदीला तोंड लावलं नव्हतं. बाहेर काढली तर तीन पायांवर नाचल्यासारखी चालायला लागली.

आमचे नेहमीचे डॉक्टर दिवाळीला गावी गेले होते. १९६२ हा जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्याचा फुकट नंबर आहे, तो तेव्हा डोक्यातच आला नाही. (गाडी वर येत नाही हे खरं, पण घोडीला हळूहळू दस्तुरीपर्यंत नेता आलं असतं.) पाडव्यापासून पुढचा आठवडा म्हणजे आमची वर्षाची कमाई. डोळ्यांपुढे तेवढंच दिसत होतं. मामा म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक डॉक्टर खाली आलाय. रेसकोर्सवर वीस वर्षं काढलीत त्याने." आबा म्हणाले, बोलाव.

संध्याकाळी साहेब आले. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात ॲल्युमिनियमची पेटी. बोलणं गोड. घोडीला पुचकारलं, मानेवर थोपटलं, तीही शांत राहिली. जनावराला हात लावायची सवय त्या माणसाला नक्की होती, एवढं मी आजही म्हणेन. त्याने पाय उचलून आधी नाल काढली आणि खिडकीत ठेवली. मग सुरीने अख्खा तळवा तासायला घेतला. खुराच्या पांढुरक्या चकत्या खाली पडत होत्या आणि तो मान हलवत होता. शेवटी उठला, हात पुसले आणि आबांना म्हणाला, "काका, हे साधं लंगडणं नाही. आतलं हाड धरलंय."

एक इंजेक्शन दिलं. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता. मी विचारलं तर म्हणाला, बाहेरचं औषध आहे, इथे मिळत नाही, कोर्स तीनचा. तपासणीचे दोन हजार, इंजेक्शनचे साडेतीन. आबांनी रोख दिले. पावती मागायला मला लाज वाटली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी घरी आलेल्या डॉक्टरकडे कोण पावती मागतं?

दुसऱ्या दिवशी चांदणी सरळ चालत होती. आम्ही थक्क. घोडी फिरवा, रक्त खेळतं राहिलं पाहिजे, असंही तो सांगून गेला होता. मी तिला बाहेर काढली. एक पाय बिननालेचा, तळवा तासून पातळ केलेला, आणि मी तिला दस्तुरी ते बाजार अशा दोन फेऱ्या मारायला लावल्या. रस्त्याच्या काही भागात ते पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर धडधाकट घोडं घसरतं. पैसे गेल्याचं दुःख आता बोथट झालंय. त्या दोन फेऱ्या मात्र आठवल्या की मला आजही तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

इंजेक्शन होतं दुखणं दाबायचं, हे नंतर कळलं. दुखत नाही म्हणून जनावर पाय टेकतं, आणि आतला मामला आणखी बिघडतो. तिसऱ्या दिवशी तेच झालं. पाय हवेत, अंगाला घाम, कान मागे. साहेब आले, दुसरं इंजेक्शन टोचलं, साडेतीन हजार. आणि म्हणाले, आता एक्स-रे काढल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही.

त्याच दिवशी, पाडव्याच्या दुपारी तो एक पिवळा डबा घेऊन आला. बरोबर एक पोरगा. लाकडी ठोकळ्यावर चांदणीचा पाय ठेवला आणि आम्हाला म्हणाला, "किरणं असतात, सगळे लांब व्हा. बायकापोरं तर अजिबात नकोत." आम्ही शहाण्यासारखे भिंतीमागे जाऊन उभे राहिलो. टिक असा आवाज झाला. सहा हजार. हे पैसे त्याने फोनवर घेतले, नाव कुणा बाईचं आलं. मिसेसचं खातं आहे म्हणाला.

भाऊबीजेला त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. काळ्या पाटीवर करडं हाड. बोट ठेवून समजावलं, की बघा, हे हाड खुराच्या भिंतीला समांतर पाहिजे, ते सुटून खाली कललंय. महिनाभरात तळव्यातून बाहेर येईल. आईने पदर तोंडाला लावला. तिसरं इंजेक्शन दिलं, साडेतीन हजार घेतले आणि जाता जाता आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खर्च आता थांबवा काका. उभी आहे तोवर कुणाला तरी द्या." पुढे होणारा खर्च वाचवायला सांगणारा माणूस आपल्याला फसवतोय, हे कुणाच्या मनात येईल? आमच्या तरी आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी एक दलाल दारात. पंधरा हजार देतो, फार्मवर नुसती ठेवायला पाहिजे म्हणाला. आत तीन जनावरं बांधलेली होती. त्याने विचारलं काय, तर "डाव्या पायाची कुठली?" आम्ही कुणी त्याला पायाचं बोललो नव्हतो. हे मला रात्री अंथरुणावर आठवलं, त्या वेळी नाही. आबांनी दोन हजार इसार घेतला आणि घोडी उद्या न्यायचं ठरलं.

त्या संध्याकाळी माझी पुतणी माझ्या फोनवर तो फोटो बघत बसली होती. नववीत आहे, सगळं मोठं करून बघायची सवय. म्हणाली, "काका, ही खाली पांढरी पट्टी कसली?"

"नाल आहे. लोखंड एक्स-रेत असं पांढरंफट्ट दिसतं."

"आणि या रेघा?"

"खिळे."

ती खिडकीकडे गेली. चांदणीची नाल तिथेच पडलेली होती, साहेबांनी पहिल्या दिवशी ठेवली तशी. ती उचलून तिने माझ्या हातात दिली. बोलली काहीच नाही.

मी पाच मिनिटं ती नाल धरून बसलो. मग गावी गेलेल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझं सगळं ऐकूनही घेतलं नाही, प्रश्नच विचारले. एक पाय की दोन्ही? खूर हाताला गरम लागतो का? घोट्याच्या मागे बोटं लावून बघ, नाडी उडतेय का? शेवटची नाल कधी मारली? मी सांगत गेलो. ते म्हणाले, "घोडी कुणाला देऊ नको. दुसरं काही टोचू नको. मी उद्या दुपारी वर येतो."

आले, आणि स्टेथोस्कोप बाहेरही काढला नाही. मोठ्या सांडशीसारखा चिमटा असतो, त्याने खूर कडेकडेने दाबत गेले. एक जागा आली आणि चांदणीने पाय हिसकला. पुन्हा दाबलं, पुन्हा हिसकला. मग ती जागा पाण्याने धुतली. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक पांढुरकी रेघ असते. नालेचा खिळा त्या रेघेच्या बाहेरून गेला पाहिजे. तिथेच रेघेवर जुन्या खिळ्याचं भोक होतं आणि त्यात काळा ठिपका, मोहरीएवढा. डॉक्टरांनी वाकड्या टोकाची बारीक सुरी घेऊन तेवढीच जागा कोरली. दोन-तीन वळसे, आणि चिळकांडी उडाली. राखाडी काळं पाणी, वास असा की आबा दोन पावलं मागे सरले.

"हे तुमचं सडलेलं हाड," डॉक्टर म्हणाले.

खिळा आतल्या बाजूने गेला होता, त्यातून घाण शिरली आणि पू झाला. खूर नखासारखा कडक, आतला पू फुगून जाणार कुठे? म्हणून एवढी कळ. वाट करून दिल्याशिवाय नुसत्या इंजेक्शनांनी ते निघत नाही. हाड फिरण्याचा आजार वेगळा. त्यात बहुतेक वेळा पुढचे दोन्ही पाय धरतात, घोडं भार मागे टाकून उभं राहतं, चालायलाच मागत नाही. एक्स-रे काढला तर प्लेटवर जनावराचं नाव, तारीख, डावा की उजवा पाय, सगळं असतं. फोटोत यातलं एकही अक्षर नव्हतं. "तशीच शंका असती तर मी तुम्हाला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला पाठवलं असतं, डबा घेऊन दारात कशाला आलो असतो?"

मग त्यांनी विचारलं, "धनुर्वाताचं दिलं का त्याने?" घोड्याला धनुर्वात पटकन होतो आणि झाला की वाचणं कठीण. खुरात खिळा गेला की आधी ते इंजेक्शन. साडेतीन-साडेतीन हजारांची तीन टोचली त्या माणसाने, आणि जे स्वस्तातलं आणि जरुरीचं होतं ते दिलंच नाही. त्यांनी तिथल्या तिथे दिलं.

बाकी उपचार काय, तर बादलीत सोसवेल इतकं गरम पाणी आणि एप्सम सॉल्ट, त्यात पाय वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. मग पोव्हिडोन आयोडिनचा बोळा, आणि त्यावर लहान बाळाचा डायपर गुंडाळून वरून रुंद चिकटपट्टी. डायपर ऐकून आई हसली, पाच दिवसांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत चांदणी पाय पूर्ण टेकून चंदी खात होती. भोक चार-पाच दिवसांत सुकलं. पण अख्खा तळवा तासून ठेवला होता, तो भरायला वेळ लागला. खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. सीझन गेला तो गेलाच.

दलाल इसाराच्या बोलीवर आला होता. व्यवहार मोडलात तर दुप्पट द्या, चार हजार. डॉक्टर अजून तिथेच हात धूत होते. त्यांनी सहज विचारलं, "कुठला फार्म?" गडी गडबडला. आबांनी दोन हजार त्याच्या खिशात घातले आणि तो मुकाट्याने उतरणीला लागला. साहेबांचा फोन तेव्हापासून बंद. पोलिसांत अर्ज दिलाय. रोख दिलेल्याचा पुरावा नाही, फोनवरच्या सहा हजारांचा आहे, तेवढ्याचा तपास चालू आहे म्हणतात. नंतर कळलं की नोंदणी नसलेल्या माणसाने जनावरांची डॉक्टरकी करणं हा १९८४च्या कायद्याने गुन्हा आहे. नोंदणी क्रमांक आम्ही विचारला असता तर पहिल्याच संध्याकाळी काहीतरी कळलं असतं.

मामांचं काय, हे लोक विचारतात. खिळा त्यांचा, आणि डॉक्टरही त्यांनीच आणला. मला संशय आहे. आबा म्हणतात, तीस वर्षं नाल मारतोय तो, त्यालाही फसवलं असेल, आपली चूक झाकायला तो आपणही त्यावर विश्वास ठेवून बसला असेल. नाल आता दुसऱ्याकडून मारून घेतो, आणि खिळे ठोकताना मी शेजारी उभा राहतो.

तो फोटो मी फोनमधून काढलेला नाही, पोलिसांना लागेल म्हणून. परवा आबांनी मागून घेतला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हाड तर खरंच कललंय रे. कुणाची असेल ही घोडी?"